अक्षरांच्या आधीचे बीजगणित

बेरीज-वजाबाकी सफाईने करणारी आणि पाढे तोंडपाठ असलेली अनेक मुले गणिताच्या पुस्तकात पहिल्यांदा अक्षर दिसले की बिचकतात. इतकी वर्षे आकडे होते, मग आता ही अक्षरे कुठून आली, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त असतो. त्याला बहुतेक वेळा मिळणारे उत्तर असे असते: ‘क्ष म्हणजे आपल्याला माहीत नसलेली संख्या, ती शोधून काढायची.’ हे उत्तर चूक नसले, तरी फार अपुरे आहे. दरम्यान अनेक देशांत बीजगणित हळूहळू खालच्या इयत्तांकडे सरकले आहे. इंग्लंडमध्ये २०१४ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात दहा-अकरा वर्षांच्या मुलांसाठी बीजगणिताचा स्वतंत्र भाग आहे, तर अमेरिकेतील बहुसंख्य राज्यांनी स्वीकारलेल्या २०१० च्या सामाईक मानकांमध्ये बीजगणिती विचार बालवर्गापासूनच धरलेला आहे. हे ऐकल्यावर इवल्याशा मुलांच्या माथी समीकरणे मारणार की काय, अशी काळजी पालकांना वाटणे स्वाभाविक आहे.

ही काळजी ज्या समजुतीवर उभी आहे, ती समजूतच मुळात तपासून पाहायला हवी. अक्षरे हा प्राथमिक बीजगणितातला सर्वांत शेवटी यावा असा भाग आहे. मुलांची खरी अडचण त्याच्या कितीतरी आधी, अंकगणित शिकतानाच निर्माण झालेली असते आणि ती तिथेच, आकड्यांच्याच भाषेत, दूर करता येते.

## फरक नेमका कुठे आहे?

३७ + ४८ − ४८ हे उदाहरण दोन मुलांना दिले, असे समजू. पहिले मूल ३७ आणि ४८ ची बेरीज करून ८५ मिळवते, त्यातून ४८ वजा करते आणि ३७ हे उत्तर लिहिते. दुसरे मूल पेन्सिल न उचलता म्हणते, “जेवढे मिळवले तेवढेच काढून घेतले, म्हणजे ३७ च राहणार.” उत्तर दोघांचेही बरोबर आहे, पण पहिल्याने अंकगणित केले आणि दुसऱ्याने बीजगणित. दुसऱ्या मुलाने ४८ या संख्येकडे पाहिलेच नाही. तिच्या जागी ५ असते किंवा ५००० असते, तरी त्याचे म्हणणे तसेच टिकले असते.

अंकगणिताचे लक्ष उत्तरावर असते, तर बीजगणिताचे लक्ष संख्यांमधील संबंधावर आणि तो संबंध कोणकोणत्या संख्यांसाठी खरा ठरतो यावर असते. अक्षर ही या विचाराची लेखनपद्धती आहे आणि ती बरीच उशिरा आली, हे गणिताच्या इतिहासातही दिसते. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने समीकरणे सोडवण्याच्या रीती लिहिल्या, त्या सगळ्या शब्दांत होत्या. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हटले आणि एकाहून अधिक अज्ञात असतील तर पुढच्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देऊन त्यांची आद्याक्षरे वापरली. ज्ञात आणि अज्ञात अशा दोन्ही राशींसाठी पद्धतशीरपणे अक्षरे वापरण्याची रीत १५९१ मध्ये फ्रान्सच्या फ्रांस्वा व्हिएतने घालून दिली. वर्णमालेतील शेवटची अक्षरे अज्ञातांसाठी वापरण्याची आजची सवय १६३७ मधील देकार्तच्या लेखनापासून रुळली. अनेक पिढ्यांनी आधी विचार केला आणि मग त्यासाठी आटोपशीर चिन्हे शोधली. मुलांना मात्र आपण अनेकदा चिन्हे आधी देतो आणि विचार मागाहून येईल अशी आशा करतो.

## बरोबरचे चिन्ह: पाय इथेच घसरतो

पुढील चौकटीत कोणती संख्या येईल?

८ + ४ = □ + ५

नव्वदच्या दशकात अमेरिकेतील प्राथमिक शाळांमध्ये मुलांना हे उदाहरण देण्यात आले, तेव्हा बरोबर उत्तर, म्हणजे ७, देणाऱ्यांचे प्रमाण कोणत्याही इयत्तेत १० टक्क्यांच्या वर गेले नाही. बहुतेक मुलांनी १२ लिहिले, काहींनी सगळ्या संख्यांची बेरीज करून १७ लिहिले आणि वरच्या इयत्तांमधील मुलेही याला अपवाद नव्हती. यातली बेरीज त्या मुलांना येत नव्हती असे अजिबात नाही. त्यांनी बरोबरच्या चिन्हाचा अर्थ ‘आता उत्तर लिहा’ असा घेतला होता.

हा अर्थ मुलांनी स्वतःहून शोधलेला नसतो. वर्षानुवर्षे त्यांच्यासमोर येणारे प्रत्येक उदाहरण ‘७ + ५ =’ अशाच रूपात येते: डावीकडे काम, उजवीकडे रिकामी जागा. गणकयंत्रावरही त्या चिन्हाचे बटण दाबले की उत्तरच उमटते. त्यातून आणखी एक खोड जडते. ५ मध्ये ३ मिळवून आलेल्या उत्तरात २ मिळवायचे असतील, तर मुले ‘५ + ३ = ८ + २ = १०’ असे सरळ एका ओळीत लिहून मोकळी होतात. या ओळीचा अर्थ ५ + ३ म्हणजे १० असा होतो, हे त्यांच्या लक्षात येत नाही. आणि शेवटचे उत्तर बरोबर असल्याने वही तपासणारेही तिकडे काणाडोळा करतात. माझ्या मते प्राथमिक शाळेतील ही सर्वांत महागात पडणारी सवलत आहे.

हे चिन्ह १५५७ मध्ये वेल्सच्या रॉबर्ट रेकॉर्डने पहिल्यांदा छापले. समांतर अशा दोन सारख्या रेघा निवडण्याचे कारणही त्याने दिले होते: याहून अधिक सारख्या असलेल्या दोन गोष्टी असूच शकत नाहीत. दोन्ही बाजूंचे मूल्य एकच आहे, एवढेच हे चिन्ह सांगते. कोणती बाजू प्रश्न आणि कोणती उत्तर, हे ते सांगत नाही.

हा अर्थ रुजवण्यासाठी अक्षरांची गरज नाही. पहिल्या-दुसऱ्या इयत्तेतील मुलांसमोरही ‘९ = ४ + ५’, ‘७ = ७’, ‘६ + २ = ५ + ३’ अशी विधाने ठेवून ती खरी की खोटी, एवढेच विचारता येते. ‘७ = ७’ पाहून अनेक मुले हे लिहिणे चूक आहे असे ठामपणे सांगतात, कारण तिथे करण्यासारखे काहीच नसते; आणि त्या मतभेदातूनच चांगली चर्चा सुरू होते. थोड्या दिवसांनी संख्या मोठ्या कराव्यात आणि बेरीज न करता उत्तर द्यायला सांगावे: ५७ + ३८ = ५६ + ३९ हे खरे की खोटे? “५७ मधला एक काढून ३८ ला दिला, म्हणून दोन्ही सारखेच” असे एखादे मूल म्हणाले, की त्याच्या हातून समीकरणाच्या दोन्ही बाजूंचा एकत्र विचार पहिल्यांदा झालेला असतो.

## तराजू कुठवर पुरतो?

बरोबरच्या चिन्हाचा हा अर्थ समजावण्यासाठी शिक्षक तराजूचा दाखला देतात आणि तो योग्यच आहे. क्ष + ५ = १२ या समीकरणात एका पारड्यात न उघडलेली पिशवी आणि पाच गोट्या आहेत, दुसऱ्यात बारा गोट्या आहेत आणि दांडी आडवी आहे. पिशवीचे स्वतःचे वजन नाही असे धरू. दोन्ही पारड्यांतून पाच-पाच गोट्या काढल्या तर दांडी हलत नाही, आणि पिशवीत सात गोट्या आहेत हे ती न उघडता कळते. एका बाजूला जे केले तेच दुसऱ्या बाजूलाही करायचे, हा समीकरणे सोडवण्याचा संपूर्ण नियम आहे.

शाळेत मात्र लवकरच एक आखूड वाट शिकवली जाते: ‘संख्या पलीकडे गेली की चिन्ह बदलते.’ ज्याला मूळ नियम कळला आहे, त्याला ही वाट सोयीची आहे. ज्याला तो कळलेला नाही, त्याला इथे काहीतरी जादू घडते असे वाटते आणि ती जादू तो नको तिथेही वापरतो. ३क्ष = १२ दिसले की ३ पलीकडे नेऊन तो १२ − ३ करतो आणि क्ष म्हणजे ९ असे लिहितो. त्याला नियमाची आठवण करून देण्याचा उपयोग नसतो, कारण नियम पाळूनच तो तिथवर पोहोचलेला असतो. तीन सारख्या पिशव्यांत मिळून बारा गोट्या असतील, तर एका पिशवीत किती, असे विचारले की तोच मुलगा चार असे सांगतो.

तराजूलाही मर्यादा आहे. क्ष + ५ = २ या समीकरणात क्ष ची किंमत −३ आहे आणि उणे तीन गोट्या कोणत्याही पिशवीत भरता येत नाहीत. ऋण संख्या आल्या की हा दाखला बाजूला ठेवावा आणि दोन्ही बाजूंना सारखीच क्रिया करण्याचा नियम तेवढा बरोबर घ्यावा.

## अक्षराची तीन कामे

‘क्ष म्हणजे अज्ञात संख्या’ हे उत्तर अपुरे का, ते आता पाहू. क्ष + ५ = १२ मध्ये अक्षर एका ठरावीक, पण अजून न कळलेल्या संख्येसाठी आले आहे. अ + ब = ब + अ मध्ये मात्र शोधायचे काहीच नाही; इथे अक्षरे कोणत्याही संख्यांसाठी आहेत आणि विधान त्या सगळ्यांविषयी आहे. चौरसाची परिमिती ४ब आहे असे म्हणतो, तेव्हा बाजू ब बदलली की परिमितीही बदलते, आणि हे बदलणे हाच मुद्दा असतो. अशा बदलत्या किमती घेणाऱ्या अक्षराला चल म्हणतात. ही तीन कामे एकाच चिन्हाकडून करून घेतली जातात, परंतु मुलांना ते कोणी सांगत नाही. मग क्ष आणि य ही दोन वेगळी अक्षरे असल्याने त्यांच्या किमतीही वेगळ्याच असणार, किंवा क्ष = ३ असताना ४क्ष म्हणजे ४३, असे गैरसमज निर्माण होतात. यातला दुसरा गैरसमज तर आपल्याच लेखनपद्धतीने घडवलेला आहे: आकड्यांमध्ये शेजारी शेजारी लिहिणे म्हणजे दशक आणि एकक, अक्षराशेजारी लिहिणे म्हणजे गुणाकार.

याहून चिवट गैरसमज असा की अक्षर हे वस्तूचे आद्याक्षर आहे. ३प + २व म्हणजे तीन पेन आणि दोन वह्या, असे शिकवणे सोपे वाटते आणि सुरुवातीला त्याने उत्तरेही बरोबर येतात. पण प म्हणजे पेन नव्हे. तो पेनांची संख्या किंवा एका पेनाची किंमत असू शकतो, म्हणजे कोणतीतरी संख्याच. हा गोंधळ किती दूरवर टिकतो, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. एका विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत, हे समीकरणात मांडा, असे अमेरिकेतील अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना सांगितले असता एक तृतीयांशाहून अधिक जणांचे उत्तर चुकले. विद्यार्थ्यांसाठी व आणि प्राध्यापकांसाठी प घेतले, तर नेहमीची चूक ६व = प अशी होती. ‘सहा विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक’ हे वाक्य त्यांनी चिन्हांत जसेच्या तसे उतरवले. प म्हणजे प्राध्यापकांची संख्या, असे धरले असते तर १० प्राध्यापक आणि ६० विद्यार्थी घालून पाहताच ६ × ६० = १० हे खोटे असल्याचे दिसले असते आणि व = ६प हे उत्तर हाती आले असते. म्हणूनच अक्षर निवडताना ते कशाच्या संख्येसाठी आहे, हे पूर्ण वाक्यात लिहून घेण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

## काड्यांचे चौकोन

अक्षराची गरज मुलांना स्वतःला वाटावी, यासाठी मला सर्वांत परिणामकारक वाटणारी कृती काडेपेटीतील काड्यांची आहे. चार काड्यांचा एक चौकोन मांडायचा. त्याला चिकटून दुसरा मांडताना मधली काडी सामाईक असल्याने तीनच नव्या काड्या लागतात. एका चौकोनाला ४, दोनांना ७, तिनांना १० काड्या. दहा चौकोनांना किती? मुले ३ मिळवत मिळवत ३१ पर्यंत पोहोचतात. वीस चौकोनांना किती, असे विचारले की काही जण ३१ ची दुप्पट करून ६२ सांगतात. मग मांडून पाहिल्यावर ६१ च भरतात आणि एक काडी कुठे गेली याचा शोध सुरू होतो. दहा-दहा चौकोनांच्या दोन ओळी जोडल्या की मधली एक काडी जास्तीची होते, हे कोणीतरी बोट ठेवून दाखवतेच.

त्यानंतर शंभर चौकोनांविषयी विचारावे. आता मांडत बसणे शक्य नसते, त्यामुळे रचनेकडे पाहावेच लागते. आणि प्रत्येक जण तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. कोणी म्हणते, सुरुवातीला एक उभी काडी आणि मग प्रत्येक चौकोनासाठी तीन: १ + ३ × १००. दुसरे म्हणते, पहिल्या चौकोनाला चार आणि उरलेल्या ९९ चौकोनांना तीन-तीन: ४ + ३ × ९९. तिसरे सगळे चौकोन सुटे धरून ४ × १०० करते आणि दोनदा मोजल्या गेलेल्या ९९ काड्या वजा करते. चौथे आडव्या काड्या वेगळ्या मोजते, वर १०० आणि खाली १००, आणि उभ्या १०१. चौघांचेही उत्तर ३०१ येते.

आता चौकोनांची संख्या कितीही असली तरी चालेल अशा रीतीने हेच लिहायला सांगितले, की १०० च्या जागी काय लिहायचे हा प्रश्न मुलेच विचारतात. तिथे ‘न’ हे अक्षर येते: १ + ३न, ४ + ३(न − १), ४न − (न − १), न + न + (न + १). दिसायला वेगळी असलेली ही चार सूत्रे प्रत्येक वेळी एकच उत्तर देतात, कारण ती एकाच रचनेचे वर्णन करतात. कंस सोडवणे आणि पदे एकत्र करणे, ही पुढे वर्षभर कंटाळवाणी वाटणारी कामे इथे एका खऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून येतात: ही चारही सूत्रे एकच आहेत, हे काड्या न मोजता कसे दाखवायचे?

याच टप्प्यावर आणखी एक अडथळा समजून घ्यायला हवा. १ + ३न हे मुलांना उत्तर वाटत नाही. अर्धवट सोडलेले गणित वाटते. ते पूर्ण करण्यासाठी ती ४न लिहून टाकतात. अंकगणितात उत्तर नेहमी एकच संख्या असे, बेरजेचे चिन्ह उत्तरात उरत नसे. त्यामुळे ही ओढ समजण्यासारखी आहे. अशा वेळी न = २ घालून पाहायला सांगावे. दोन चौकोनांना ७ काड्या लागतात हे समोर मांडलेले असते, आणि ४न मात्र ८ सांगते.

## इतक्या लहान वयात हे झेपेल का?

अमूर्त विचाराची क्षमता अकराव्या-बाराव्या वर्षाच्या सुमारास येते, असे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मांडले होते आणि बीजगणित उशिरा सुरू करण्याच्या बाजूने त्यांचा आधार घेतला जातो. केवळ चिन्हांशी खेळण्याच्या बाबतीत ही सावधगिरी योग्यच आहे. पण हाताशी वस्तू असतील तर लहान मुलेही सर्व संख्यांविषयी विचार करू शकतात. दोन विषम संख्यांची बेरीज सम का येते, असे विचारल्यावर आठ-नऊ वर्षांची मुले ठिपक्यांच्या जोड्या लावून दाखवतात: प्रत्येक विषम संख्येत एक ठिपका जोडीविना उरतो, आणि ते दोन उरलेले ठिपके एकमेकांचे जोडीदार होतात. ही काही मोजक्या उदाहरणांची तपासणी नव्हे, तर पूर्ण सिद्धता आहे. रशियात वासिली दाविदोव यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याहून धाडसी मार्ग घेतला. त्यांच्या अभ्यासक्रमात पहिलीतील मुले संख्या शिकण्याआधी लांबी, आकारमान, वजन यांची तुलना करतात आणि अ > ब असे अक्षरांत लिहितात. हा मार्ग सगळीकडे जसाच्या तसा लागू करावा असे मला वाटत नाही, कारण त्यासाठी शिक्षकांची तयारी वेगळीच लागते. पण लहान मुलांना अक्षरांची मुळातच भीती असते, हा समज त्यातून नक्कीच खोटा ठरतो.

मग आकडेमोडीचा सराव मागे पडेल का? ५७ + ३८ = ५६ + ३९ यासारख्या विधानांवर विचार करताना संख्यांचाच सराव होत असतो, त्यामुळे वेगळा तास काढावा लागत नाही. पाढे मात्र पक्के हवेतच. १०० × ३ साठी अडणाऱ्या मुलाला काड्यांची रचना दिसायला सवडच मिळणार नाही.

## अंदाजाने उत्तर येत असेल तर?

क्ष + ५ = १२ चे उत्तर मुलाला मनातल्या मनात येते आणि तरीही पायऱ्या लिहिण्याचा आग्रह धरला जातो. त्या पायऱ्या त्याला निरर्थक वाटतात, आणि या उदाहरणापुरते त्याचे म्हणणे बरोबरच आहे. अशा वेळी आग्रह सोडून उदाहरण बदलावे: ५क्ष − ७ = २क्ष + ११. इथेही अंदाज करू द्यावा, पण तक्ता करून. क्ष = ४ घेतले तर डावीकडे १३ आणि उजवीकडे १९, फरक ६. क्ष = ५ घेतले तर १८ आणि २१, फरक ३. फरक दर वेळी तीनने कमी होतो आहे हे दिसले, की पुढच्या पायरीला, म्हणजे क्ष = ६ ला, तो शून्य होणार हे मूल आधीच सांगते; आणि दोन्हीकडे २३ येतात. फरक तीननेच का घटतो? कारण एका बाजूला क्ष पाच वेळा आहे आणि दुसऱ्या बाजूला दोन वेळा. दोन्ही बाजूंतून २क्ष काढून ३क्ष − ७ = ११ लिहिणे ही तीच गोष्ट आहे. अंदाजाची रीत चुकीची ठरवण्यापेक्षा तिच्यातूनच समीकरणाच्या रीतीपर्यंत नेले, तर मुलाला दुसरी रीत आपलीशी वाटते.

## यंत्र सोडवते, मग हे कशाला?

समीकरण लिहून दिले तर आज फोनसुद्धा ते पायऱ्यांसह सोडवतो. पण प्रत्यक्ष परिस्थितीतून समीकरण लिहिताना अक्षर कशासाठी आहे आणि काय कशाच्या बरोबर आहे, हे माणसालाच ठरवावे लागते. ६व = प लिहून दिले, तर यंत्र तेच निमूटपणे सोडवेल आणि विद्यार्थ्यांहून प्राध्यापक सहापट अधिक काढून देईल. संगणकावरील हिशेबाच्या तक्त्यात एका चौकटीचे सूत्र लिहून ते खालच्या शेकडो ओळींना लागू करणारा माणूस प्रत्येक वेळी चलच वापरत असतो.

म्हणून पायऱ्यांच्या सरावाला जेवढा वेळ दिला जातो, निदान तेवढा वेळ मांडणीला आणि पडताळ्याला द्यावा. मुलाने उत्तर आणून दाखवले की ते बरोबर आहे की चूक हे लगेच सांगू नये. ती संख्या मूळ समीकरणात घालून दोन्ही बाजू वेगवेगळ्या काढायला सांगावे, आणि उदाहरण शाब्दिक असेल तर समीकरणात नव्हे, मूळ वाक्यात घालून पाहायला सांगावे, कारण मांडणीच चुकली असेल तर समीकरणातला पडताळा तीच चूक बरोबर म्हणून दाखवतो.